भात वाढणारी आजी

सकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर एक फोटो आला. सहावीतल्या कुणाची तरी इंग्रजीची वही. निळ्या शाईत, ओळ न सोडता लिहिलेलं वाक्य: 'माय ग्रँडमदर ग्रोज राइस इन माय प्लेट.' 'ग्रोज'भोवती लाल गोल, इतका दाबून काढलेला की कागद मागून उठला असणार. शेजारी भलंमोठं प्रश्नचिन्ह. आणि फोटोखाली आपल्याच वर्गातल्या एकवीस जणांचे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

दुपारपर्यंत गप्प बसले. आता बोलते.

त्या लेकरानं काय केलंय ते खरंच दिसलं नाही का कुणाला? आजी भात वाढते. वाढणे म्हणजे काय, हे त्यानं शोधलं आणि त्याला 'ग्रो' सापडलं. आजी एकटी म्हणून शेवटी 'ज'सुद्धा आठवणीनं लावलाय. आपण त्या वयात काय करत होतो? आपल्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची. पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी माझ्या शेजारी बसून स्पेलिंगं घोकली आहेत.

१९९३ साली बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी पुण्यात कॉलेजला आले. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायची होती. रात्री होस्टेलच्या जिन्यात बसून मी चार वाक्यं पाठ केली. तिसरं होतं, 'माय फादर ग्रोज ज्वार.' चौथं, 'ही ऑल्सो ग्रू मी.' सगळा वर्ग खदखदून हसला. सरही हसले. म्हणाले, 'ज्वारी ग्रो करतात, मुलीला रेज करतात. सीट डाउन.' मी बसले. त्या तासाला पुन्हा वर्षभर उठले नाही.

गेली अठरा वर्षं माझं पोट भाषांतरावर चालतं. बियाण्यांची पत्रकं, बचत गटांचे अहवाल, बँकेची परिपत्रकं. मराठीत एक 'वाढ' धरली की पूर्ण पान पार पडतं. इंग्रजीत प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. भाव वाढले तर 'राइज', कारण ते आपसूक चढले. कर वाढवला तर 'रेज', कारण तो कुणीतरी चढवला. उत्पादन वाढलं तर 'इन्क्रीज', मोजून सांगता येतं म्हणून. मूल वाढलं तर 'ग्रो', मुदत वाढवली तर 'एक्स्टेंड', शहर चहूबाजूंनी वाढलं तर 'एक्स्पांड'. आणि ताटात वाढलं तर 'सर्व्ह'. शिवाय आपण नारळ वाढवतो, आणि फुटलेली बांगडीही आपल्याकडे वाढते, कारण 'फुटली' हे तोंडातून काढायचं नसतं. एवढा पसारा पोटात घेतलेल्या शब्दाशी सहावीतलं मूल एकटं झुंजतंय, आणि तुम्ही हसता.

शिकवता येत नाही असंही नाही. पडणे-पाडणे, चढणे-चढवणे आपल्या पोरांना जन्मापासून येतं. झाड पडलं आणि झाड पाडलं यातला फरक तीन वर्षांचं मूलही करतं. त्यालाच धरून सांगा: सूर्य 'राइज' होतो, झेंडा आपण 'रेज' करतो. दोन मिनिटांचं काम. मला हे कुणी सांगितलं नाही, माझं मला पस्तिशीत उमगलं. कारण 'सीट डाउन' म्हणायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणि ज्या 'रेज'नं मला दुरुस्त केलं त्याचीच गोष्ट ऐका. जुने इंग्रजी मास्तर बजावून सांगायचे की 'रेज' पिकांना आणि गुराढोरांना, माणसाच्या लेकरांना 'रेअर'. म्हणजे त्या नियमानं सरांचाही शब्द शेतातलाच होता! पुढे अमेरिकेत लोक सर्रास मुलांना 'रेज' म्हणत राहिले आणि तेच शुद्ध ठरलं. 'ग्रो'चंही तेच. पीक 'ग्रो' करायचं, दाढी 'ग्रो' करायची, पण धंदा नि अर्थव्यवस्था 'ग्रो' करणं पंडितांना खपत नव्हतं. १९९२च्या प्रचारात बिल क्लिंटन यांच्या तोंडी 'ग्रो द इकॉनॉमी' गाजलं, भल्याभल्यांनी नाकं मुरडली, आणि आज प्रत्येक कंपनीच्या अहवालात ते छापलेलं असतं. अध्यक्ष होऊ घातलेला माणूस बोलला की तो वाक्प्रचार. त्याच्या पुढच्याच वर्षी बार्शीकडची मुलगी बोलली तर सीट डाउन. माझा संताप होतो तो इथे.

हो, परीक्षेत ते वाक्य चूकच आहे. भाडेकरारात 'राइज' आणि 'रेज'ची गल्लत केली तर भांडणं लागतील. मान्य.

पण गरीब कोण आहे, ते तरी नीट बघा. इंग्रजीत दूध 'गो' होतं, पाव 'गो' होतो, लोणी 'गो' होतं, केससुद्धा 'गो' होतात, पुढे फक्त विशेषण बदलायचं. आपल्याकडे दूध नासतं, भात आंबतो, केस पिकतात, लोणचं मुरतं. माझे वडील, अण्णा, ज्वारीला कधी नुसतं 'वाढली' म्हणत नाहीत. पोटरीत आली, निसवली, फुलोऱ्यात आली, चिकात आली, हुरड्यात आली. मी पत्रकांसाठी या एकेका पायरीचा इंग्रजी शब्द शोधलाय, तो असतो, पण शास्त्रज्ञांच्या तक्त्यात असतो. आमच्याकडे तो बांधावर असतो. असल्या घरातून मी त्या वर्गात आले होते, चार वाक्यं घेऊन.

त्या वर्षी दिवाळीला घरी गेल्यावर अण्णांना सगळं सांगितलं होतं. त्यांना वाटलं मी खोटं बोलले म्हणून हसले लोक. मग वाक्याचा अर्थ मराठीत सांगितला. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'त्यात खोटं काय हाय? पेरलं, राखलं, वाढीवलं. दोन्ही बी मीच.'

हे लिहिता लिहिता त्यांचाच फोन आला. आता कानाला कमी ऐकू येतं, म्हणून ते मोठ्यानं बोलतात आणि मीही ओरडून बोलते. पाऊस आहे का, गुडघा कसा आहे, एवढंच. त्या वहीचं सांगावंसं वाटलं, पण मागून वहिनींची हाक ऐकू आली आणि ते म्हणाले, 'ठिवतो, ताट वाढलंय.'

आता राग राहिला नाही फारसा. हसलेल्यांत माझे जवळचे आहेत, कुणाची मुलं परदेशात आहेत, कुणाची नातवंडं मराठी बोलतच नाहीत. भांडायचं नाही मला. फोटो ज्यानं टाकला त्याला विचारलंय की वही कुणाची, कुठून आली. मुलाचं नाव नको, शाळेचं नको. त्या बाईंपर्यंत किंवा सरांपर्यंत एवढंच पोचवा, की त्या लाल गोलाच्या खाली अर्धी ओळ मोकळी आहे. तिथे 'सर्व्ह्ज' लिहा, आणि वही परत देताना त्याला विचारा, आजी भातावर काय वाढते.