पाणचक्की फुकट फिरत नव्हती

शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते आणि तीही मध्येच जाते, हे मराठवाड्यातील शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. या अडचणीवरचा उपाय म्हणून सध्या व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत गावोगावी फिरत आहे. तिच्यात एक मोटार पट्ट्याने जड लोखंडी चाक फिरवते, ते चाक अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारे यंत्र, फिरवते आणि अल्टरनेटरची वीज त्याच मोटारीला परत दिली जाते. मेन लाइनची वायर काढल्यावरही दिवे जळत राहतात. अशा यंत्रावर पाच अश्वशक्तीचा पंप वीजबिलाविना कायम चालेल, असे सोबतच्या मजकुरात ठामपणे म्हटले आहे. माझ्या परिचयातील एक शेतकरी त्यासाठी आगाऊ रक्कम भरायला निघाले होते, म्हणून त्या मजकुरातील एकेक मुद्दा तपासणे मला आवश्यक वाटते.

जड चाकामुळे शक्ती वाढते, हा पहिला आणि सर्वांत जास्त पटणारा मुद्दा आहे. वस्तुतः चाक ऊर्जा साठवते, निर्माण करीत नाही. 100 किलो वजनाचे, अर्धा मीटर त्रिज्येचे भरीव चाक मिनिटाला 1500 फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्यात सुमारे 1 लाख 54 हजार ज्यूल ऊर्जा असते. आपल्या बिलावरचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. म्हणजे एवढ्या अवजड चाकात युनिटाचा तेविसावा हिस्साच साठतो. पाच अश्वशक्ती म्हणजे साधारण 3730 वॉट. या हिशेबाने चाकातली सगळी ऊर्जा पंपाला मिळाली, तरी तो 41 सेकंद चालेल. मात्र 9 वॉटचे दहा एलईडी दिवे त्याच ऊर्जेवर, घर्षण सोडून दिल्यास, जवळपास 28 मिनिटे जळू शकतात. त्यामुळे वायर काढल्यावर दिवे जळताना दिसले, तर त्यात फसवाफसवी असेलच असे नाही. परंतु काही मिनिटे जळणाऱ्या दिव्यांवरून पंप कायम चालेल असा निष्कर्ष काढता येत नाही.

अल्टरनेटरची वीज मोटारीला परत दिल्याने चक्र अखंड चालते, असेही म्हटले आहे. मोटारीची आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता प्रत्येकी 85 टक्के आणि पट्ट्याची 95 टक्के धरली, तर 1000 वॉट दिल्यावर परत सुमारे 686 वॉट मिळतात, त्यांतून पुढे 471 आणि त्यांतून 323. उरलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. मोटारीचे अंग आणि बेअरिंग हाताला गरम लागतात, ती तीच ऊर्जा. यांत्रिक काम आणि उष्णता यांचे ठरलेले प्रमाण जेम्स जूल यांनी 1840 च्या दशकात मोजून दाखवले आणि त्या हिशेबातून आजवर कोणतेही यंत्र सुटलेले नाही.

मोठी पुली आणि चाकावरचे चुंबक यांनी शक्ती वाढते, असाही दावा आहे. मोठ्या पुलीने जोर वाढतो, हे खरे आहे, पण तेवढ्याच पटीने फेरे कमी होतात आणि जोर व वेग यांचा गुणाकार, म्हणजेच शक्ती, वाढत नाही. चुंबकांचेही तसेच आहे: चाकावरचा चुंबक जवळ येताना जेवढी ऊर्जा मिळते, तेवढी तो दूर जाताना खर्च होते.

शेवटचा मुद्दा मला विशेष खटकला, कारण त्यात आपल्याच वारशाचा आधार घेतला आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की इंधनाशिवाय चालत होती, मग हे यंत्र का चालणार नाही, असा प्रश्न त्यात विचारला आहे. पाणचक्कीला इंधन नव्हते, ऊर्जा मात्र होती. काही मैलांवरून नहरीच्या, म्हणजे जमिनीखालच्या जलवाहिनीच्या, मातीच्या नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडत असे आणि त्या पडण्याने जाते फिरत असे. पाणी उंचावर नेण्याचे काम सूर्याने केलेले असते: बाष्प, ढग, पाऊस. नहरीचे पाणी थांबले की चक्की थांबणार, हे ती बांधणाऱ्यांना ठाऊक होते आणि त्यांचे कौशल्य पाण्याची उतरण अचूक साधण्यात होते. त्यांच्या नावावर फुकट ऊर्जेचा दावा खपवणे हा त्या कौशल्याचा अपमान आहे.

भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त पाऱ्याने अर्धे भरलेल्या पोकळ आऱ्यांचे, आपोआप फिरणारे चाक वर्णिले आहे, हेही खरे. परंतु एका पूर्ण फेरीत पारा जेवढा खाली येतो तेवढाच त्याला वर चढावे लागते, म्हणून असे चाक अखेर थांबते. त्यांच्या गणिताविषयीचा माझा आदर यामुळे कमी होत नाही.

यंत्र विकायला येणाऱ्याला एकच अट घालावी. बॅटरी आणि लपवलेली वायर नाही याची खात्री करून, आपल्याच बोअरवर 150 मीटर खोलीतून सेकंदाला 1 लीटर पाणी सलग तासभर काढून दाखवा, असे त्याला सांगावे. घर्षण शून्य मानले तरी एवढ्या कामाला जवळपास दीड युनिट, म्हणजे वरच्या चाकातील साठ्याच्या सुमारे 34 पट ऊर्जा लागते. पाणी तासभर आल्यावरच पैशांची बोलणी करावीत.