छापील पाट्या आणि पुठ्ठ्यावरच्या सूचना

करोनाकाळात दुकानांवर लागलेल्या पाट्या म्हणजे सरकारी आदेशाची निव्वळ नक्कल होती, हे अशा पाट्यांवरील एका लेखातील विधान सोलापूरपुरते मला अर्धेच मान्य आहे. नवी पेठेतील मोठ्या दुकानांच्या काचांवरचे ‘विनामास्क प्रवेश नाही’ हे छापील वाक्य एकसारखे होते आणि तो प्रशासनाचाच आवाज होता. परंतु पूर्व भागातील किराणा दुकानांच्या शटरवर, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेला मजकूर निराळा असे. एप्रिल २०२१ मध्ये किराणा दुकानांना सकाळी ७ ते ११ एवढीच मुभा उरली, तेव्हा ‘यादी व्हॉट्सॲपवर पाठवावी, पिशवी भरून ठेवू’ अशा सूचनांत वेळेची अडचण, ओळखीच्या गिऱ्हाइकाचा मान आणि (खरे तर मुख्यतः) धंदा टिकवण्याची धडपड एकत्र दिसत होती.

ज्या भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते आणि अक्कलकोटकडून येणारे गिऱ्हाईक अनेकदा कन्नड बोलते, तिथेही या सूचना बहुतांशी मराठीतच होत्या, याची लेखात दखल नाही. तोंडी व्यवहार तीन भाषांत आणि लिखाण एका भाषेत, ही आमच्या बाजाराची रीत साथीतही मोडली नाही. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना मात्र दुकानासमोर आखलेली वर्तुळेच उपयोगी पडली. लेखकाने या चर्चेत आणलेली २०२२ ची मराठी फलकांची सक्ती मला अप्रस्तुत वाटते, कारण ती दुकानाच्या नामफलकाला लागू आहे, शटरवर चिकटवलेल्या सूचनेला नाही.