चाणक्य म्हणू नका त्यांना

परवा पहाटे इंदूरच्या निवडणुकांचे हिशेब मांडणारे आमचे काका गेले. आदल्या रात्री रामबागेत भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालताना दिसले होते. चारला छातीत कळ आली आणि इस्पितळाच्या दारातच सगळं संपलं. जेमतेम साठीचे होते.

कालपासून व्हॉट्सअ‍ॅपवर भाजप-काँग्रेस दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या फिरताहेत. जिकडे बघावं तिकडे ‘इंदूरचा चाणक्य हरपला’. या शब्दाची काकांना भयंकर चीड. “अगं, मी कुणाचं राज्य उलथवलंय? पर्च्या मोजणारा माणूस मी.”

सुरुवात पर्च्यांपासूनच झाली होती. 1989 मध्ये भाजपच्या सुमित्राताई महाजन काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींसमोर इंदूरमधून लोकसभेला उभ्या राहिल्या, तेव्हा कॉलेजात असलेल्या काकांनी गल्लीतल्या ओट्यावर बसून मतदारांच्या पर्च्या हातानं लिहिल्या. ताई जिंकल्या, ती निवडणूक धरून सलग आठ वेळा. काका मात्र कुठल्याच पक्षाचे झाले नाहीत. नगर निगमपासून लोकसभेपर्यंत जो बोलावेल त्याचं काम घ्यायचे, पण एका निवडणुकीत एकाचंच.

2013 च्या विधानसभेला मी त्यांच्याकडे याद्या भरायला होते. मतदारयादी हा माणूस पंचांगासारखी वाचायचा. घर क्रमांकानुसार एकेक नाव, आणि पेन्सिलीची बारीक खूण. वारलेले, सासरी गेलेल्या, नोकरीसाठी पुण्याला गेलेले. “हजार नावांच्या बूथवर मतं हजार नसतात,” म्हणायचे, “आधी माणसं मोज, मग लाट मोज.” मतदानाच्या संध्याकाळी एजंटांकडून फॉर्म 17 सी च्या प्रती येत. त्यात त्या बूथवर किती मतं पडली याचा हिशेब असतो. तो आणि आपल्या खुणा जुळवून ते जो आकडा काढत, तो बंद पाकिटात ठेवून देत. आजच्या एजन्सीवाल्यांकडे रंगीत डॅशबोर्ड असतो. उमेदवाराला जे ऐकायचं असतं तेच तो दाखवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

काका एकदा एका उमेदवाराला प्रचाराचे दहा दिवस उरले असताना तोंडावर म्हणाले होते, “साहेब, तुम्ही पडताय.” तो पडला. उरलेले पैसेही त्यानं बुडवले. काकांनी मागितले नाहीत, काकू अजून बोलून दाखवतात.

देवमाणूस वगैरे नव्हते. मराठी, सिंधी, जैन, मुसलमान असे रकाने तेही आखायचे. मी एकदा भांडले, तर म्हणाले, “रकाना मी आखला नाही, मला आखलेला मिळाला.” मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण विरोधी उमेदवाराच्या घरच्या बायकांबद्दलचं पत्रक छापायला आलेल्या पोराला त्यांनी चहा पाजून परत पाठवलेलं मी पाहिलंय. पत्रक फाडून बंबात.

2024 च्या लोकसभेला मात्र ते पार खचले. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी इंदूरच्या काँग्रेस उमेदवारानं माघार घेतली. भाजप 11,75,092 च्या फरकानं जिंकला आणि ‘नोटा’ला 2,18,674 मतं पडली. देशभर बातमी झाली. काका त्या रात्री आमच्या ओट्यावर बसून होते, पोहेही तसेच राहिले. “पस्तीस वर्षं पाकिटात आकडा ठेवला. यंदा कशाचा ठेवू?” एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही काम घेतलं नाही.

काल स्मशानात, पंचकुइया मुक्तिधामला, दोन्हीकडची माणसं होती. एकमेकांकडे न बघता, पण एकाच सावलीत.

गल्लीत कुणी गेलं की तेराव्याच्या आत काका स्वतः त्या घरी जाऊन फॉर्म 7 भरून घ्यायचे, यादीतून नाव कमी करण्याचा. लोकांना ते जरा विचित्रच वाटायचं. आज सकाळी त्यांच्या मुलीनं मला हळूच विचारलं, “ताई, तो फॉर्म कुठे मिळतो गं? बाबाच आणायचे.”

उद्या घेऊन जाते म्हटलं.