तारीख दाखवा, तारीख!

"३ महिन्यांपूर्वी." हे उत्तर झालं? कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या एकेका बदलाच्या, पुढे, जिथे तारीख असायला पाहिजे तिथे, हे असलं काहीतरी लिहून ठेवायला लोकांचा हात धजतो कसा, मला खरंच कळत नाही.

आज सकाळी कॉल होता, इथल्या इंदूरच्या सियागंजातले किराण्याचे होलसेलवाले क्लायंट, त्यांचे मुनीमजी आणि सीए दोघं एकदम, आणि प्रश्न अगदी सरळ. बिलातला राउंड ऑफ आधी प्रत्येक ओळीवर व्हायचा, आता बिलाच्या शेवटी एकदाच होतो, तर हा बदल ३१ मार्चच्या आधी झाला की नंतर? बस. एवढंच. पैशापैशाचा फरक येतोय, रिटर्नशी जुळवायचंय, कुठल्या वर्षात टाकायचं ते ठरल्याशिवाय सीए पुढे सरकणार नाही, आणि तो बरोबरच आहे. मी म्हटलं थांबा, दोन मिनिटांत दाखवते, स्क्रीन शेअर केली, गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, हिस्ट्री दाखवणारं ते टूल उघडलं आणि बघते तर रात्रीतून स्वतःच अपडेट होऊन बसलेलं.

काल संध्याकाळपर्यंत माझे कॉलम होते. हॅश म्हणजे कमिटचा ओळख क्रमांक, तारीख-वेळ, नाव, मेसेज, ह्याच क्रमाने, माझ्या हाताने ओढून, रुंदी सेट करून ठेवलेले. आज हॅश गायब. नावाच्या जागी गोल टिकल्या, टिकलीत दोन अक्षरं, आणि आमच्या टीममध्ये एस के तिघं आहेत, आता ह्यातला कोणता एस के ते कुणी सांगायचं? आणि तारखेच्या कॉलममध्ये फिक्या करड्या अक्षरांत "३ महिन्यांपूर्वी", "३ महिन्यांपूर्वी", "३ महिन्यांपूर्वी". एकाखाली एक. पानभर तेच.

माउस नेला की खरी तारीख येते म्हणे. येते ना, मला येते! शेअर केलेल्या विंडोत ती चिठ्ठी जातच नाही, म्हणजे मी इकडे माउस श्वास रोखून एका जागी धरून बसलेय, "ये देखिए, सत्ताईस मार्च" म्हणतेय, आणि तिकडून मुनीमजी म्हणतायत, "मैडम, हमें तो तीन महीने पहले ही दिख रहा है." सेटिंगमध्ये गेले तर तिथे "कॉम्पॅक्ट" आणि "कम्फर्टेबल" असे दोन पर्याय, फॉन्टचा साइझ, थीमचे डझनभर रंग, आणि तारखेचा फॉरमॅट बदलायचा पर्याय जो होता तो काढून टाकलेला. काढून टाकलेला! डझनभर थीम ठेवल्या, तारीख काढली.

आणि हे लपवलं काय, तर जे आधीपासून नीट लिहिलेलं आहे तेच. गिटच्या प्रत्येक कमिटच्या पोटात वेळ सेकंदापर्यंत असते, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद आणि सोबत टाइमझोन, एकदा नाही, दोनदा, लिहिणाऱ्याची वेगळी आणि कमिट करणाऱ्याची वेगळी. एवढं काटेकोर सांभाळून ठेवलेलं असताना वर बसलेला कुणीतरी डिझायनर ते उचलून "३ महिन्यांपूर्वी" करून माझ्यासमोर ठेवतो, आणि ह्याला वाचायला सोपं म्हणतो. कुणाला सोपं? ज्याला काही शोधायचंच नाही त्याला सोपं.

मग गेले टर्मिनलवर. माझ्या लॅपटॉपवर नाही, डिप्लॉयच्या सर्व्हरवर, कारण क्लायंटला तिथलंच बघायचं होतं, आणि तिथे माझी सेटिंग्ज नाहीत, अलायस, म्हणजे लांब कमांडना दिलेली छोटी नावं, नाहीत, नुसतं कोरं गिट लॉग, कमिटची यादी दाखवणारी कमांड. एकेका कमिटचा पसारा, पूर्ण ४० अक्षरी हॅश, ईमेल, रिकाम्या ओळी, स्क्रीनवर जेमतेम पाच-सहा कमिट मावतात. ठीक आहे, म्हटलं सिन्स हा ऑप्शन लावते, १ एप्रिलपासूनचं काढते. आणि हे ज्यांना माहीत आहे ते आत्ताच दात खात असतील, की सिन्सला नुसती तारीख दिली आणि वेळ दिली नाही तर ते रात्री बारापासून मोजत नाही, तुम्ही कमांड मारताय त्या क्षणी घड्याळात जे वाजलेत ते घेतं. म्हणजे सकाळी साडेअकराला मारली तर १ एप्रिलच्या साडेअकरापासूनचं येणार आणि त्याच दिवशी सकाळी दहाचा कमिट गुपचूप गायब. म्हणून मी ००:०० सकट लिहिते, नेहमी लिहिते, आज पण लिहिलं.

लिस्ट आली. आणि सगळ्यात खाली, तोच आमचा राउंड ऑफवाला कमिट, त्याच्यावर तारीख २७ मार्च.

"मैडम, आपने एक अप्रैल से माँगा, ये सत्ताईस मार्च कैसे आया?"

सीएचा आवाज. आणि एकदम शांत आवाज, तो आवाज मला माहितीये, समोरच्याच्या रेकॉर्डवरचा विश्वास उडाला की माणूस त्या आवाजात बोलतो. आता इथे बसून मी त्यांना काय सांगू, की आमच्या पोराने कोड २७ मार्चला लिहिला, मग त्याची ब्रँच, म्हणजे कोडची त्याची वेगळी फांदी, मागे पडलेली होती म्हणून ३ एप्रिलला रीबेस करून, म्हणजे ताज्या कोडवर परत लावून, मुख्य कोडमध्ये घातली, रीबेसमध्ये ऑथर डेट, लिहिल्याची, जुनीच राहते आणि कमिटर डेट, लावल्याची, नवीन लागते, आणि हे गिट लॉग गाळतं कमिटर डेटवर आणि दाखवतं ऑथर डेट! गाळायला एक तारीख, दाखवायला दुसरी, आणि ज्या तारखेने गाळलं ती स्क्रीनवर कुठेच नाही. लिहिलेलं आहे का कुठे तिथे, की ही कोणती डेट आहे? नुसतं "डेट". असं कोरं "डेट" लिहून मोकळे झाले.

प्रिटी इक्वल टू फुलर, म्हणजे लॉगचा सविस्तर फॉरमॅट, मारलं तेव्हा कुठे दोन्ही तारखा एकाखाली एक दिसल्या. मुनीमजींनी दोन सेकंद बघितलं आणि म्हणाले, "तो यूँ कहिए ना, माल बना कब और गाड़ी पे चढ़ा कब." बघा. शाळा सोडून गल्ल्यावर बसलेला माणूस, त्याला एका वाक्यात समजलं, आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांना ते दाखवावंसं वाटलं नाही. गाडीवर चढला ३ एप्रिलला, म्हणजे नवीन वर्ष, विषय संपला. जे काम दोन मिनिटांचं होतं त्याला पाऊण तास लागला आणि त्यात आमचं रेकॉर्ड खोटं आहे की काय अशी शंका समोरच्याला येऊन गेली ती वेगळीच. ती शंका मला सहन होत नाही. आमचं रेकॉर्ड चोख आहे, दाखवणारे चोख नाहीत.

दोन तारखा का आहेत ते मला माहितीये, कुणी शिकवायला येऊ नका. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हे गिट लिनक्स कर्नलसाठी बनवलं, तिथे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, मेलने यायचे, लिहिणारा एक आणि लावणारा दुसरा, म्हणून दोन नावं आणि दोन वेळा. विचार अगदी योग्य. मग दाखवा की दोन्ही! निदान ज्याने गाळता ते तरी दाखवा. आणि हो, गिटच्या २.३७ व्हर्जनमध्ये, २०२२ साली, सिन्स-अ‍ॅज-फिल्टर म्हणून वेगळा ऑप्शन दिला, कारण साधं सिन्स एक जुना कमिट लागला की तिथेच थांबून जातं आणि त्याच्या मागे एखादा नवीन तारखेचा कमिट असला तर तो येतच नाही. इतकी वर्षं आपण सगळे "ह्या तारखेपासूनचं सगळं" म्हणून जे वाचत होतो ते सगळं नव्हतंच कदाचित.

कॉल संपल्यावर लीड म्हणतो, "अगं, तो एलजीवाला अलायस टाक ना सर्व्हरवर, मस्त रंगीत दिसतं." त्या अलायसचं नाव माझ्यासमोर काढू नका. जो येतो तो कुठूनतरी तीच ओळ उचलून आणतो, परसेंट सी रेड, परसेंट एच, परसेंट सी रीसेट, अशी काय आणि कुठल्या रंगात दाखवायचं त्याची चिन्हं, आणि त्यात काय आहे ते आजपर्यंत एकानेही वाचलेलं नाही. मी वाचलंय. त्यात वेळ आहे परसेंट सीआर, म्हणजे कमिटरची आणि ती पण रिलेटिव्ह, तेच "इतक्या महिन्यांपूर्वी", आणि नाव आहे परसेंट एएन, म्हणजे ऑथरचं. एकाचं नाव आणि दुसऱ्याची वेळ शेजारी शेजारी! रीबेस कुणीतरी दुसऱ्याने केला असेल तर ओळ सरळसरळ चुकीची वाचली जाणार. आणि सीआर लिहिलंय म्हणून लॉग डॉट डेट, म्हणजे तारखेच्या फॉरमॅटचं सेटिंग, काहीही ठेवा, फरक पडत नाही, ते रिलेटिव्हच राहणार, सीडी लिहिलं असतं तर ऐकलं असतं. एक अक्षर. आणि गिटचं रिलेटिव्ह म्हणजे ७५ दिवसही "३ महिने" आणि १०४ दिवसही "३ महिने", म्हणजे आज जूनच्या शेवटी बसून बघितलं तर मार्चच्या मध्यापासून ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं एकच. ३१ मार्च नेमका त्यात बुडाला. व्यापाऱ्यांच्या गावात, जिथे प्रत्येकाला मार्च एंडचीच पडलेली असते, तिथे हे डिस्प्ले मी लावू?

आणि गिट लॉगचा तो मूळचा पिवळा रंग! मीटिंग रूमच्या प्रोजेक्टरवर पांढऱ्या बॅकग्राउंडवर पिवळा हॅश कुणाला दिसतो? ज्याने पहिल्यांदा ठरवला त्याने काळ्या स्क्रीनशिवाय काही बघितलंच नसणार.

टाइमझोनचं पण बोलूनच टाकते. एक फ्रीलान्सर अमेरिकेत पश्चिम किनाऱ्यावर बसून आमच्याकडे कोड टाकतो, त्याने ३१ मार्चला रात्री आठ वाजता कमिट केला तर इंदूरमध्ये १ एप्रिलची सकाळ साडेआठ वाजलेली असते, आणि गिट लॉग दाखवतं काय, त्याची तारीख, ३१ मार्च, शेवटी बारीक -०७०० लावून. त्या -०७०० कडे कोण बघतं? लोकल म्हणून सेटिंग आहे, डेटच्या फॉरमॅटपुढे -लोकल जोडलं की आपल्या वेळेत येतं. सेटिंग असणं पुरेसं नाही हो, ते प्रत्येक मशीनवर, प्रत्येक सर्व्हरवर, प्रत्येक नवीन पोराच्या लॅपटॉपवर लावत कोण फिरणार? मीच फिरते.

मेलमॅप पण मीच लिहिली होती. एकच माणूस घरून एका नावाने, ऑफिसातून दुसऱ्या नावाने आणि ब्राउझरमधून एडिट केलं की तिसऱ्याच नावाने दिसायचा, शॉर्टलॉगमध्ये, म्हणजे माणसागणिक कमिटच्या यादीत, तीन माणसं, म्हणून बसून सगळ्यांची नावं-ईमेल जुळवून ती फाइल रेपोत, कोडच्या साठ्यात, टाकली. कुणीतरी क्लीनअपमध्ये उडवली. "ही फाइल कुठे वापरात दिसली नाही." विचारायचं तरी होतंस!

कमिटच्या मेसेजबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल. "फिक्स". "फिक्स २". "अपडेट". कितीही सुंदर फॉरमॅट लावा, आत हे असेल तर काय दिसणार आहे.

पण सगळ्यात जास्त जे मनाला लागतं ते सांगते. ह्याच क्लायंटच्या बिलाच्या टेम्पलेटचं नाव आम्ही देवनागरीत ठेवलंय, "बिल" पासून सुरू होतं, मुद्दाम ठेवलंय कारण त्यांच्याकडचा मुलगा ती फाइल बघतो आणि त्याला तेच वाचता येतं. गिट लॉगला स्टॅट, म्हणजे कुठल्या फाइली बदलल्या ते दाखवणारा ऑप्शन, लावून बघा. फाइलच्या नावाच्या जागी \३४०\२४४\२५४ आणि पुढे असलीच रांग. एवढ्यात एक अक्षर, नुसता ब! आमची लिपी म्हणजे काय कचरा आहे का जो असा आकड्यांत गुंडाळून ठेवायचा? कोअर डॉट कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की नीट दिसतं, हो, दिसतं, म्हणजे येतं त्याला दाखवता, आणि तरीही आपलं आपण जाऊन सांगायचं की बाबा आमची अक्षरं अक्षरांसारखी दाखव. इंग्रजीवाल्याला हे कधी सांगावं लागत नाही. हे डिफॉल्ट आहे आणि इतकी वर्षं डिफॉल्टच आहे, आणि ह्याच्याबद्दल कुणी चिडताना मला दिसत नाही, म्हणून मी चिडते.

आता दुपारी जेवण सोडून एक स्क्रिप्ट लिहिलीय. लॉग डॉट डेट आयएसओ-लोकल, म्हणजे पूर्ण तारीख आपल्या वेळेत, फॉरमॅट डॉट प्रिटी फुलर, कोटपाथ फॉल्स, सगळ्या सर्व्हरवर चालवली, टूलचं जुनं व्हर्जन परत टाकलं आणि ऑटो अपडेट बंद केलं. हो, फुलर लांबलचक दिसतं, दिसू दे. ज्याला आखूड पाहिजे त्याने स्वतःचा अलायस करावा, त्यात सीडी आणि सीएन, कमिटरची तारीख आणि नाव, लावावं, किंवा एडी आणि एएन, ऑथरची, पण दोघांची भेसळ करू नये. टीमच्या ग्रुपवर हे सगळं लिहून टाकलं, मेलमॅपला हात लावायचा नाही हे पण लिहिलं. लीडने अंगठा टाकलाय. खाली एकाने विचारलंय, "दीदी, रिलेटिव्ह ठेवलं तर नाही चालणार का, पटकन वाचता येतं."

नाही चालणार.