पेन उचलायचं नाही

वाढदिवसाला मुलाने पेनवाला फोन दिला. माझी बोटं जाड, एक अक्षर दाबायला जावं तर शेजारचंच उमटतं. म्हणाला, बाबा, एकेक अक्षर टोचत बसू नका, पहिल्या अक्षरावर पेन टेका आणि शब्द संपेपर्यंत उचलूच नका, पुढचं फोन बघतो.

आता पेन न उचलणं आमच्या घराण्यात नवीन नाही. आजोबा मोडी लिहायचे, आधी पानभर आडवी रेघ आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरांची माळ, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. फरक एवढाच की त्यांचं लिहिलेलं कोणालाच वाचता यायचं नाही त्यामुळे गैरसमज होत नसत.

बाहेरच्यांनाही ही हौस आहे म्हणा. 1998 मध्ये न्यूयॉर्कच्या केन पर्लिन या प्राध्यापकांनी क्विकरायटिंग काढलं, त्यात पेन मधल्या घरातून निघतं, कडेच्या घरातून अक्षर घेतं आणि परत मधे येतं. म्हणजे मला वाण्याकडे पिटाळतात तसंच, मीठ आणून चप्पल काढतोय तोवर हिंग आठवतो. केंब्रिजच्या डेव्हिड वॉर्ड आणि डेव्हिड मॅके यांचं डॅशर मी स्वतः करून पाहिलंय. त्यात लिहायचंच नाही, अक्षरं उजवीकडून अंगावर येतात आणि आपण पेनने दिशा दाखवत हव्या त्या अक्षरात घुसायचं. दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडला स्कूटर घातल्यासारखं. 'नमस्कार'मधल्या 'स'चं वळण माझं तीनदा हुकलं.

फोनमधली पद्धत शुमिन झाय आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी 2003-04 च्या सुमारास मांडली त्या वळणाची. तुम्ही कीबोर्डवर जी रेघ ओढता तिच्या आकारावरून शब्द ओळखायचा. इंग्रजीत ठीक आहे हो, पण आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिणार आणि आपलं सगळं अडलेलं शेवटच्या स्वरावर. यू, आय, ओ वरच्या ओळीत एकमेकांना चिकटून. पेन केसभर सरकलं की 'मी आलो'चं 'मी आली'. ऑफिसच्या ग्रुपवर आठवडाभर मी आली, मी निघाली, मी जेवली, शेवटी साहेबांनी बाजूला घेऊन हळूच विचारलं, सगळं ठीक ना?

तेही चाललं असतं. पण खालच्या ओळीत एम आणि एन शेजारी शेजारी आहेत.

कोल्हापूरचे मामा बारा दिवस राहून गेले. गोड माणूस, पण पहाटे चारला गुळण्या. त्यांना गाडीत बसवलं, घरी येऊन सोफ्यावर टेकलो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर मोठ्या ऐटीत एका दमात ओढलं, 'मामा गेले आत्ताच'. वडिलांना आम्ही नाना म्हणतो, दिवसभर त्यांच्या गोळ्या, त्यांचा चहा, त्यामुळे फोनला तो शब्द पाठ. त्याने रेघ बघितली, स्वतःचा विचार केला आणि पाठवलं, 'नाना गेले आत्ताच'.

मी चहा टाकायला आत. बाहेर फोन टुणटुण वाजतोय, मला वाटलं मामांच्या आठवणी निघाल्या. येऊन बघतो तर सत्तावीस 'भावपूर्ण श्रद्धांजली', आत्याचा 'कसं झालं रे?' आणि एकोणतिसावा मेसेज खुद्द नानांचा, समोरच्या खुर्चीतून, चष्मा न लावता. 'ॐ शांती', खाली जोडलेले हात.

"नाना, तुम्ही कोणाला शांती दिलीत?"

"सगळे देतायत म्हणून दिली. कोण गेलं रे?"

सांगितलं. नानांनी शांतपणे चष्मा लावला, माझ्या हातातून पेन घेतलं आणि एकेक अक्षर टोचत, दर अक्षराला पेन उचलत, सात मिनिटांत लिहिलं, 'मी आहे. नाना.' एकही चूक नाही.

तोवर मामांचा मेसेज येऊन पडला होता. 'कळलं. धीर धर. जेजुरीला उतरलोय, मिळेल त्या गाडीने परत येतोय. तेराव्यापर्यंत आहे मी.'