स्वस्त जाहिरात, पण कुणाच्या खर्चाने?

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. मराठी माणूस माल चांगला करतो, पण त्याला जाहिरात करता येत नाही. यंदा निमित्त झालं ठाण्यात घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्या मावसबहिणीचं. भाचेमंडळींचा सल्ला: रोज एक रील टाक, पोस्ट बूस्ट कर, एखाद्या फूड ब्लॉगरला बोलाव. मोठ्या मेव्हण्यांचं म्हणणं, ते सगळं थोतांड; नाक्यावर दोन फ्लेक्स लाव, सगळं ठाणं बघेल. मी जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात राहतो. इतक्या लांबून सल्ला देणं सोपं, म्हणून तो जरा बेतानेच घ्यावा. पण दोन्ही पक्ष हिशेब सोडून बोलत होते एवढं नक्की.

आधी पैशाचा हिशेब. समजा, सगळा खर्च वजा जाता किलोभर चकलीमागे शंभर रुपये सुटतात. ब्लॉगरने एका व्हिडिओचे दहा हजार मागितले, तर ते वसूल व्हायला शंभर किलो चकली जास्त विकावी लागेल, आणि तीही एरवी आलं नसतं अशा गिऱ्हाइकांना. हाताखाली दोन बायका असलेल्या स्वयंपाकघरात दिवाळीच्या आठवड्यात शंभर किलो जास्तीची चकली तळणार कोण? शिवाय रील नागपूरपासून न्यू जर्सीपर्यंत लाखभर लोकांनी पाहिली, तरी तिची चकली घोडबंदर रोडच्या पलीकडे फारशी जात नाही. तिला लाख लोक नकोतच. तिला आसपासची दोनशे घरं हवीत, आणि ती पुढच्या दिवाळीलाही हवीत.

फ्लेक्स मात्र खरंच स्वस्त पडतो. का? कारण जागेचं भाडं कुणी देतच नाही. खांब पालिकेचा, झाड रस्त्यावरचं, आणि वळणावर पलीकडचं काही न दिसण्याचा धोका स्कूटरवाल्याचा. विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात १९९५पासून आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७मध्ये बेकायदा फलकांवर सविस्तर निकाल दिला. १३ मे २०२४ला घाटकोपरला एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. तो फलक कुणा फराळवालीचा नव्हता, बड्या धंद्याचा होता, हे खरंच. पण जागा चारचौघांची आणि कमाई आपली, हा विचार खालपासून वरपर्यंत एकच आहे. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी न विचारता दरपत्रक टाकणाराही त्याच वाटेचा. त्याने फक्त खांबाऐवजी लोकांचा फोन वापरला.

जर्मनीत नेमका हाच मार्ग महाग करून ठेवलाय. ग्राहकाची आधी स्पष्ट संमती नसताना जाहिरातीचा फोन करणं बेकायदा आहे आणि त्यासाठी तीन लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ईमेलचंही तसंच, मात्र ज्याने तुमच्याकडून खरेदी केली आणि पत्ता दिला, त्याला तशाच वस्तूबद्दल लिहायची काही अटींवर मुभा आहे. पत्रपेटीवर ‘कृपया जाहिराती टाकू नका’ अशी चिठ्ठी असेल तर ती पाळावीच लागते, हे इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९८८मध्येच ठरवून टाकलं. मग लहान दुकानदार करतो काय?

आमच्या भागात त्याचं उत्तर आहे ‘ब्लेटले’. म्हणजे गावाचं साप्ताहिक पत्रक. त्यात ग्रामपरिषदेचे निर्णय, कुठला कचरा कोणत्या दिवशी उचलणार, चर्चच्या वेळा, गायनमंडळाची तालीम, कुणाचा नव्वदावा वाढदिवस. आणि यांच्या मधे मधे छपराचं काम करणारा, सायकल दुरुस्तीवाली, खाटीक, न्हावी यांच्या व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जाहिराती. दिसायला अत्यंत रटाळ. पण कचऱ्याचा दिवस चुकू नये म्हणून लोक ते वाचतात, आणि वाचणारा प्रत्येक जण दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. इतकी नेमकी जाहिरात फेसबुकला पैसे देऊनही साधणं कठीण. बेकरीवाल्याचं नाव मुलांच्या फुटबॉल संघाच्या जर्सीवर असतं. त्याच्या बदल्यात तो संघाला गणवेश घेऊन देतो आणि शनिवारच्या सामन्याला पाव पाठवतो. आपल्याकडेही दुकानदार मंडळाच्या अहवालात जाहिरात देतो, पण बहुतेक वेळा ती जाहिरात नसून न टाळता येणारी वर्गणी असते. पावती फाडणाऱ्यालाही ते ठाऊक असतं आणि देणाऱ्यालाही.

मला सर्वांत आवडते ती इथल्या द्राक्षबागायतदारांची पद्धत. हे शेतकरी वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस जणांपुरती जागा करून, स्वतःची वाइन आणि साधं जेवण विकू शकतात. त्यासाठी त्यांना हॉटेलचा परवाना काढावा लागत नाही. दुकान उघडं असल्याची खूण म्हणून दारावर झाडू टांगतात. झाडू दिसला की आत जायचं, काढला की हंगाम संपला. लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, मला यात काही विचित्र वाटलं नाही. जाहिरातीचा खर्च एका झाडूचा, आणि चार महिन्यांच्या मर्यादेमुळे लोक आपणहून तारखा विचारत येतात. बारमाही ‘धमाका सेल’ लावणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही, की कायम उघड्या दारातून आत जायची घाई कुणालाच नसते.

पण इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. या शिस्तीचा जाच लहान माणसालाच जास्त होतो. वेबसाइटवर मालकाचं नाव, पत्ता, संपर्क नियमाप्रमाणे नसेल तर वकिलाची नोटीस त्याच्या फीच्या बिलासकट येऊ शकते. त्या धास्तीने कित्येक जण वेबसाइट काढतच नाहीत. रविवारी दुकानं बंद. आमच्या राज्यात वर्षाला तीनच रविवार उघडता येतात, तेही गावात जत्रा किंवा बाजार असेल तर. घरच्या ओट्यावर फराळ करून शेजारपाजारी विकायचा म्हटलं तर इथे आधी इतके कागद लागतील की चकलीची हौस फिटेल. मावसबहीण या गावात असती तर तिचा व्यवसाय सुरूच झाला नसता, असा माझा अंदाज आहे.

आणि परवानगी घेऊन जाहिरात करण्याचं साधन तिच्या हातात आधीच आहे. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी. तिच्यात एका वेळी २५६ नंबर मावतात, आणि निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. यात लोकांना गैरसोय दिसते. मला तीच सोय वाटते. ज्याने नंबर सेव्ह केला, त्याने होकार दिला. श्टुटगार्टचा आमचा भारतीय किराणावाला एप्रिलमध्ये हेच करतो: हापूसच्या पेट्या विमानाने कधी येणार, एवढा एक निरोप. पेट्या येण्याआधी विकल्या गेलेल्या असतात. वर्षभर तो गप्प असतो, म्हणून त्या एका निरोपाला किंमत आहे.

तिला मी जे कळवलं ते एवढंच. व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेस अ‍ॅप फुकट आहे, त्यात कॅटलॉग भर. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. ‘पहिल्या पानावर आणून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून दे. प्रत्येक डब्यावर नाव, नंबर आणि तळल्याची तारीख. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं, कारण फराळ घेणाऱ्याला पहिली शंका ताजेपणाचीच असते. गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांना नव्यांच्या चार दिवस आधी मागणी नोंदवू दे. रील करायचीच तर भाजणी भाजतानाची, स्वतःच्या फोनवर, आणि ग्रुपवर न टाकता स्टेटसला.

आणि मराठी माणसाला जाहिरात येत नाही, या पालुपदाबद्दल. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असताना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकायला घेतले, तेव्हा पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९२०मध्ये याच कारखान्याने ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढलं. मालाची माहिती वाचण्याजोग्या मजकुरातून गिऱ्हाइकापर्यंत न्यायची, ही युक्ती आज एजन्सीवाले महिन्याचे पैसे घेऊन शिकवतात. आपण ती शंभर वर्षांपूर्वी वापरली आहे.

फ्लेक्सवाल्या मेव्हण्यांचा मुद्दा मात्र पूर्ण निकालात निघत नाही. नव्याने सुरू करणाऱ्याकडे यादीच नसते. त्याने आपलं नाव रस्त्यावर कुठे लावायचं? बर्लिनमध्ये भिंतीभिंतींवर वाटेल तशी पोस्टरं चिकटवली जायची, तेव्हा एर्न्स्ट लिटफास या मुद्रकाने पोलिसांची परवानगी घेऊन १८५५मध्ये जाहिरातींसाठी गोल खांब उभे केले. तसे खांब जर्मन शहरांत आजही आहेत. ठाणे, पुणे, कोल्हापूर या महापालिकांना प्रत्येक प्रभागात असे दोन खांब उभारणं अवघड नाही. वहीच्या पानाएवढा कागद, आठवड्याचं ठरलेलं माफक भाडं, दर खांबावरच छापलेला, आणि त्याच प्रभागात धंदा असल्याचा पुरावा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि नेत्यांचे फोटो यांना बंदी हे कलम मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं, नाहीतर चकलीची पाळी पुढच्या निवडणुकीपर्यंत येणार नाही.