साडेपाच तासांचा फरक

हल्ली कोणत्याही लग्नाच्या पंगतीत माझा व्यवसाय कळला की शेजारचे गृहस्थ जिलबीवरची नजर न हटवता विचारतात, की कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तुम्हा लोकांच्या नोकऱ्या जाणार म्हणतात, ते खरे का. माझे उत्तर ठरलेले आहे. ज्या दिवशी एखादे यंत्र पुणे, लंडन आणि न्यूयॉर्क येथील तीन माणसांना ‘उद्या सकाळी नऊ वाजता’ एकाच मीटिंगला, कोणाची झोप न मोडता आणि कोणाचे जेवण न बुडवता, हजर करून दाखवील, त्या दिवशी मी स्वतःहून राजीनामा देईन. गृहस्थांना हा विनोद वाटतो आणि ते मठ्ठा मागवतात. मी मात्र अत्यंत गंभीरपणे बोलत असतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत अवघड काय, याबद्दल माझ्या व्यवसायबंधूंमध्ये कितीही मतभेद असले तरी माझे मत पक्के आहे: पडद्याच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ बरोबर दाखवणे.

रोजचेच उदाहरण घ्या. आमच्या क्लायंटच्या न्यूयॉर्कमधील कार्यालयात सकाळी नऊला स्टँड-अप नावाची बैठक होते, जिच्यात उभे कोणीच राहत नाही. हिवाळ्यात ही बैठक आमच्याकडे संध्याकाळी साडेसातला येते. मग मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी ते लोक आपापली घड्याळे एक तास पुढे करतात आणि सोमवारपासून तीच बैठक साडेसहाला येऊ लागते. आपल्याकडे घड्याळाला कोणीही हात लावलेला नसतो, तरी आपला दिवस मात्र सरकलेला असतो. माझ्या मुलाचा तबल्याचा क्लास साडेसहाचा आहे आणि त्याला सोडण्याचे काम माझ्याकडे आहे. उन्हाळ्यापुरती वेळ बदलून मिळेल का, असे मी त्याच्या गुरुजींना अजीजीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अमेरिकेने घड्याळ फिरवलं म्हणून माझ्या तीनतालाची सम सरकत नाही.” हे उत्तर मला इतके पटले की ते बैठकीत इंग्रजी करून सांगण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला.

बरे, लंडनने तरी न्यूयॉर्कबरोबर चालावे. पण तेथे हा सोहळा मार्चच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे या दोन शहरांतले अंतर पाचाऐवजी चार तासांचे असते, आणि त्या काळात आमच्या बैठकीला निम्मे लोक एक तास आधी येऊन बाकीच्यांची वाट पाहतात व उरलेले एक तास उशिरा येऊन ‘सुरुवात झाली का?’ असे विचारतात. वसंत ऋतूचे आगमन मला कोकिळेमुळे कळत नाही, कॅलेंडरच्या या निमंत्रणांमुळे कळते. शरद ऋतूत सगळे उलट होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटेचे दोन वाजताच घड्याळ पुन्हा एकवर नेतात, म्हणजे त्या दिवशी पहाटेचा दीड दोनदा वाजतो. एका जुन्या क्लायंटच्या सर्व्हरवर ग्राहकांना बिले पाठवण्याचे काम नेमके रोज पहाटे दीडला लावलेले होते. संगणक आज्ञाधारक असतो. त्याने दोन्ही दीडांना बिले पाठवली. ग्राहकांनी मात्र एकदाच पैसे भरले, यावरून आज्ञाधारकपणा आणि शहाणपण यांचा संबंध नसतो हे क्लायंटला कळले आणि आम्हाला ‘तातडीचे’ असा शेरा मारलेले तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, मिळाले.

आता कोणी म्हणेल, की हे सगळे परक्यांचे चाळे आहेत, आपण भारतीयांनी कधी कोणाला त्रास दिला? दिला आहे. आपण जगाला साडेपाच तास दिले आहेत. मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंशांचे रेखावृत्त आपण प्रमाण मानले आणि ग्रिनिचच्या पुढे पाच तासांवर तीस मिनिटे जाऊन थांबलो. ज्या परदेशी प्रोग्रॅमरने आयुष्यात फक्त पूर्ण तासांचे फरक पाहिले आहेत, तो डेटाबेसमध्ये या फरकासाठी पूर्णांकाचा रकाना ठेवून मोकळा होतो. एका प्रणालीत तर यादीतून पाच किंवा सहा यांपैकी एक निवडणे सक्तीचे होते. आम्ही अर्ध्या संघाने पाच निवडले आणि अर्ध्याने सहा, म्हणजे सरासरीने तरी भारत आपल्या जागी राहिला. नेपाळचे बंधू पावणेसहा तास पुढे आहेत. त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही.

शिवाय या यादीत आपले गाव शोधणे हा वेगळाच अपमान आहे. एका प्रसिद्ध प्रणालीत भारताच्या वेळेपुढे चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे आहेत, तर बाकीच्या जगात भारताच्या वेळेचे नावच ‘एशिया/कोलकाता’ असे आहे. ज्या शहरात दुपारी एक ते चार या वेळेला जवळजवळ घटनात्मक संरक्षण आहे, त्या पुण्याचे नाव वेळेच्या कोणत्याही यादीत नसावे, याचे दुःख मी आजवर फक्त सदाशिव पेठेतल्या एका सहकाऱ्याशी बोलू शकलो आहे. तो म्हणाला, “यादीत आपण नाही, कारण आपली वेळ आपण कोणाला सांगतच नाही.”

मुंबईकरांना मात्र या विषयावर नाक वर करून बोलण्याचा ऐतिहासिक हक्क आहे. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबईने ती सोडायला साफ नकार दिला. त्याआधी १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली होती आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली होती. १९०६ मध्ये तर गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध रस्त्यावर उतरले. सरकारी घड्याळ एक आणि शहराचे घड्याळ दुसरे, असा संसार स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला आणि मुंबईची वेळ अखेर १९५५ मध्ये संपली. त्या सुमारास मुंबईत सॉफ्टवेअर कंपन्या नव्हत्या, हे आमच्या व्यवसायाचे केवढे भाग्य! नाही तर आगगाडी रेल्वेच्या वेळेने, भोंगा गिरणीच्या वेळेने आणि तारीख सरकारी वेळेने दाखवा, अशी मागणी आली असती, आणि ती मागणी करणाऱ्याने शेवटी ‘सोपेच आहे’ असेही म्हटले असते.

जगाचा हा सगळा गोंधळ कोणीतरी टिपून ठेवावा लागतो, आणि तो टिपला जातो ही माझ्या मते संगणकयुगातील सर्वांत कमी कौतुक झालेली गोष्ट आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेला आणि पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलेला एक साधा मजकुरी संग्रह आहे. कोणत्या देशाने कधी घड्याळ पुढे केले, कधी मागे केले आणि कधी विचार बदलला, हे त्यात ओळीने लिहिलेले असते. तुमच्या आणि माझ्या फोनमधली वेळ त्याच्या भरवशावर चालते. सामोआ या देशाने व्यापाराच्या सोयीसाठी दिनांकरेषेच्या पलीकडे उडी मारली, तेव्हा तेथे २९ डिसेंबर २०११ च्या गुरुवारनंतर थेट ३१ डिसेंबरचा शनिवार उजाडला. तीही नोंद त्यात आहे. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने घड्याळे पुढे करण्याचा दिवस ऐन वेळी रमजान संपेपर्यंत लांबणीवर टाकला, तेव्हा चर्चने आणि काही वृत्तवाहिन्यांनी ते मानले नाही. काही दिवस त्या एका देशात दोन वेळा चालू होत्या आणि मग सरकारने निर्णय फिरवला. अशा वेळी मंत्र्यांना एक पत्रकार परिषद घ्यावी लागते; आमच्यासारख्यांना मात्र जगातल्या प्रत्येक सर्व्हरवर नवी फाइल चढवावी लागते. त्यातही विशेष म्हणजे २०११ मध्ये एका अमेरिकी ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने, जुन्या वेळांची माहिती आमच्या मालकीची आहे, असे म्हणत ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा ठोकला आणि पुढच्या वर्षी तो मागे घेतला. मला त्या कंपनीचा राग आला, पण तिची निकड मात्र कळली. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती, त्यामुळे १९४३ साली जन्मलेल्या माणसाची पत्रिका मांडताना तो तास वजा केला नाही तर लग्नरास चुकण्याची शक्यता असते. ज्योतिषी आणि प्रोग्रॅमर एकाच फाइलवर पोट भरतात, हे मी सासरी अजून सांगितलेले नाही.

वेळेपेक्षा तारीख सोपी असावी, असा एक भाबडा समज आहे. भारतात मध्यरात्र होते तेव्हा जागतिक प्रमाणवेळेत आदल्या दिवशीचे साडेसहा वाजलेले असतात, आणि म्हणून ‘१८:३०’ हा आकडा दिसला की भारतातला कोणताही प्रोग्रॅमर पुढचे न वाचता काय झाले असेल ते ओळखतो. कोणीतरी नुसती तारीख हवी असताना तारखेबरोबर वेळही साठवलेली असते, आणि परदेशातला सर्व्हर ती वाचताना एक दिवस खाऊन टाकतो. एका कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत याच न्यायाने स्वातंत्र्यदिनाची रजा १४ ऑगस्टला लागली. १४ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन पाकिस्तानात असतो, हे मनुष्यबळ विभागाच्या लक्षात आल्यावर त्या दुपारी जी धावपळ झाली, ती सर्व्हर बंद पडल्यावरही होत नाही. याउलट ज्या रकान्यात काहीच भरलेले नसते तेथे १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच, अशी वेळ उगवते, कारण युनिक्स या संगणकप्रणालीचे कालगणन त्या दिवशी शून्यापासून सुरू होते आणि आपले साडेपाच तास त्यात इमानाने मिळवले जातात. माझ्या पाहण्यातली कितीतरी पार्सले, तक्रारी आणि एक विमा पॉलिसी त्या पहाटे जन्माला आलेली आहे.

जन्मतारखांबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या एका विदेशी टेस्टरने एकदा मोठ्या काळजीने कळवले, की महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ ग्राहकांच्या माहितीत बग दिसतो. हजारो माणसे १ जूनलाच जन्मलेली आहेत. मी त्याला कळवले, की हा बग नसून शिक्षणव्यवस्था आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, मुलाला हाताला धरून आणणाऱ्या आजोबांना जन्मतारीख सांगता यायची नाही, आणि गुरुजी मुलाकडे एकवार पाहून, वय सहा धरून, १ जून लिहून टाकायचे. माझे थोरले काकाही १ जूनचेच आहेत. त्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकची इतकी चित्रे येतात की कोणाला शुभेच्छा द्यायच्या राहिल्या, हे शोधायला तक्ता करावा लागतो. टेस्टरने सगळे वाचून तिकीट बंद केले, पण बंद करण्याचे कारण म्हणून ‘अपेक्षित वर्तन’ असे लिहिले. गुरुजींच्या कारकिर्दीचे इतके नेमके मूल्यमापन मी दुसरीकडे वाचलेले नाही.

हे सगळे पचवल्यावर आपण कशालाच घाबरणार नाही, असे मला वाटू लागले होते. तेवढ्यात आत्याने, “एवढं शिकलास, तर मला एकादशीची आठवण करून देणारं काहीतरी फोनमध्ये करून दे,” असे फर्मावले. मी बसलो आणि माझ्या लक्षात आले, की न्यूयॉर्क आणि सामोआ ही आपल्या पंचांगापुढे शिकाऊ मंडळी आहेत. येथे तिथी सूर्योदयाला पाहायची, सूर्योदय गावागणिक वेगळा, एखादी तिथी क्षय होऊन दिसेनाशी होणार, एखादी दोन सूर्योदय गाठून दोनदा येणार, आणि तीनेक वर्षांनी एक आख्खा महिना जास्तीचा उपटणार. त्यात दाते पंचांग सोलापूरहून एक सांगणार आणि कोकणातली टिळक पंचांग मानणारी घरे एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी बसवून मोकळी होणार. एकादशीच घ्यायची तर स्मार्त आणि भागवत अशा कधीकधी दोन. परदेशी क्लायंटला विचारतो तसे मी आत्यालाही गरजा स्पष्ट करणारे सगळे प्रश्न विचारले: कोणते पंचांग, कोणत्या गावचा सूर्योदय, दोन एकादश्या आल्या तर कोणती, आणि ती मुलाकडे बॉस्टनला गेली तर तिथली की इथली.

आत्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. “तू दोन्ही दिवशी घंटा वाजव,” ती म्हणाली, “धरायची कोणती ते मी बघीन. आणि बॉस्टनला घंटा रात्री वाजवू नकोस, सून दचकते.”

इतक्या स्वच्छ गरजा मला आजवर कोणत्याही क्लायंटने लिहून दिलेल्या नाहीत. पहिले दोन मुद्दे पूर्ण झाले आहेत. सुनेच्या मुद्द्यावर काम चालू आहे, कारण बॉस्टनमध्येही मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करतात.